लोण्याच्या डब्यात ठेवलेला जीव

मी एक जुना, गुडघाभर उंचीचा फ्रिज आहे. मित्रांनो, मला पाहून कुणी थबकत नाही. माझा पांढरा रंग आता जुन्या दातांसारखा पिवळट पडला आहे. दारावर एक पोचा आहे. एक पाय मोडल्यामुळे त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. तरीही एका मुलीचा जीव मी माझ्या पोटात सांभाळला, आणि एकदा तो माझ्या डोळ्यांदेखत बाहेर नेला गेला. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखेच दिसणारे माझे पुष्कळ भाऊ पट्ट्यावरून पुढे सरकत होते. शेवटी एक बाई उभी असे. ती प्रत्येकाच्या दारात कागदाची एक पट्टी धरून दार लावी आणि पट्टी ओढून पाही. पट्टी सुटून आली, तर तो फ्रिज बाजूला. माझ्या दाराने पट्टी सोडली नाही. "हं, हा धरून ठेवणारा आहे," असे ती पुटपुटली आणि मला पुढे ढकलले. ते शब्द मी आशीर्वाद म्हणून घेतले.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. आत फार थंडी होऊ द्यायची नाही आणि बाहेरची ऊब आत शिरू द्यायची नाही. दोन्हींच्या मधली ती अरुंद वाट सोडायची नाही. त्यासाठी मी थोडा वेळ गुणगुणतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि पुन्हा गुणगुणू लागतो. ऐकणाऱ्याला ती मोटारीची घरघर वाटते. मला हात नाहीत, जोडणार कसे? म्हणून माझी प्रार्थना ही अशी.

माझी पहिली वर्षे उत्तर डकोटातल्या एका विद्यापीठाच्या गावात, हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या बिऱ्हाडात गेली. त्यांनी माझे फार कौतुक केले. "आपला हा पठ्ठ्या बिअर बर्फासारखी करतो!" असे म्हणून ते माझ्या डोक्यावर थापा मारत. पुढे शिळ्या पिझ्झ्याला माझ्यात बुरशी आली, कुणी पुसले नाही. मे महिन्यात परीक्षा संपल्या, मुले घरोघर गेली आणि मला फुटपाथवर ठेवून माझ्या दारावर कागद चिकटवला, 'फुकट'. शेजारी एक मोडकी खुर्ची आणि एक गादी होती. तीन वर्षांचे कौतुक एका दुपारीत संपले होते.

तिथेच मला सिग्नेच्या आईने पाहिले.

त्या दोघी विद्यापीठ पाहायला आल्या होत्या. सिग्ने येत्या ऑगस्टपासून तिथे शिकणार होती. तिची आई लोइस ट्रकमधून उतरली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आई, रस्त्यावरचा फ्रिज कशाला गं? लोक बघताहेत."

"बघू देत. बघायला काय जातंय त्यांचं?"

"वास मारतोय तो."

"वास धुता येतो. दार घट्ट बसत नसलं तर मात्र काही करता येत नाही." असे म्हणत लोइसबाईंनी ट्रकमधून रविवारच्या प्रार्थनेचा चर्चमधला कागद आणला, माझ्या दारात धरला, दार लावले आणि ओढला. मी जीव एकवटून तो कागद धरला. बाई हसल्या. "पास झाला. उचल तिकडून."

घरी नेऊन त्यांनी मला सोड्याच्या पाण्याने धुतले, उन्हात उघडा ठेवला आणि पोटात एक छोटा तापमापक लटकवला. कितीतरी दिवस त्या येता-जाता तो पाहत. एकदा मी पाठीकडून जरा जास्त गारठलो, तेव्हा त्यांनी माझी कळ खाली फिरवली. "एवढा उत्साह नको रे बाबा," असे त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्यात काय ठेवायचंय ते तुला ठाऊक नाही."

मला लवकरच कळले.

मित्रांनो, सिग्नेच्या अंगात तीन आजार राहत होते. पहिला साखरेचा. तो ती लहान असतानाच आला होता. तिचे शरीर स्वतःचे इन्सुलिन बनवत नसे, म्हणून ते पेनासारख्या दिसणाऱ्या सुईतून तिला रोज, दर जेवणाआधी टोचून घ्यावे लागे. दुसरा पोटाचा. गव्हाचा एक कण पोटात गेला, तरी तिची आतडी दिवसेंदिवस चिडलेली राहत. तिसरा सांध्यांचा. कधी कधी सकाळी तिची बोटे मिटलेलीच उठत आणि दुपारपर्यंत उघडत नसत.

एकेक आजार एकेकटा असता, तर ती त्याला पुरून उरली असती. पण या तिघांचे आपसात पटत नसे. सांधे शांत करायला गोळ्या घेतल्या, की साखर भडके. साखर खाली घसरली, की हाताला लागेल ते गोड तोंडात टाकावे लागे, पण ते गोड गव्हाचे निघाले तर पोट उलटे. नुसते मळमळले तरी तिला बसून विचार करावा लागे, की यांतला कोणता जागा झाला? बाकीची मुले परीक्षेच्या काळजीने नखे खात. सिग्ने नखे खाण्याआधी हात धूत असे, कारण शेजारच्या मुलीने त्याच बाकावर पाव खाल्लेला असे.

तिची बोटे कशी आहेत, हे तिच्या आईच्या आधी मला कळे. बऱ्या दिवशी ती माझे दार बोटांनी उघडी. वाईट दिवशी कोपर घालून. कोपर लागले, की माझ्या आत काहीतरी थरथरे.

इन्सुलिनची नवी पेने माझ्यात असत. वापरातले एक तिच्या पिशवीत आणि राखीव सगळी माझ्या मधल्या फळीवर. त्यांना ऊब सोसत नाही. पण त्याहूनही त्यांना गोठणे सोसत नाही. एकदा गोठले, की पुन्हा पातळ होऊनही ते औषध राहत नाही. दिसायला मात्र जसेच्या तसे. म्हणून माझ्या पाठीकडच्या बर्फाळ भिंतीची मला स्वतःलाच भीती वाटे.

सिग्नेला नद्यांचा अभ्यास करायचा होता. तिच्या गावाला दर काही वर्षांनी पूर येई आणि लहानपणी तिने गावकऱ्यांबरोबर वाळूच्या पिशव्या भरल्या होत्या. पूर किती चढणार हे आधी सांगता यावे, एवढीच तिची इच्छा. पण पहिल्याच शरदात तिला पोटाचा संसर्ग झाला, साखर हाताबाहेर गेली आणि इस्पितळात राहावे लागले. तेव्हा आई वसतिगृहातल्या आमच्या खोलीत येऊन बसली.

"सिग्ने, घरापासून जवळ कॉलेज आहे. तिथंही नद्यांबद्दल शिकवत असतील."

"नाही शिकवत, आई."

"मग दुसरं काही शिक. जिवंत राहून शिक."

"आई, एकदाच झालंय."

लोइसबाईंनी माझ्या पोटातला तापमापक पाहिला आणि दार लावले. मग म्हणाल्या, "बरं. एकदाच म्हणतेस ना? मग पुन्हा असं काही झालं, की मी ट्रक घेऊन येणार. तेव्हा वाद नको. कबूल?"

"कबूल," सिग्ने म्हणाली. पण तिचे कोपर माझ्यावर टेकलेले होते.

त्याच सुमारास तिच्या खोलीतली पहिली मुलगी निघून गेली. सामान बांधताना ती म्हणाली, "हे बघ, तू चांगली आहेस. पण मला शिकायला पाठवलंय घरच्यांनी, तुझी नर्स व्हायला नाही." ती वाईट नव्हती. घाबरली होती. पण ते वाक्य खोलीतच राहिले.

नाताळानंतर टेसा आली, तेव्हा सिग्नेने तिला काहीच सांगितले नाही. दंडावर साखर मोजणारी चकती होती, ती लांब बाह्यांखाली गेली. सुई न्हाणीघरात जाऊ लागली. आणि राखीव पेने लोण्यासारख्या मार्जरिनच्या एका रिकाम्या डब्यात गेली. वर लिहिले, 'सिग्नेचे लोणी. कृपया हात लावू नये.' खोटे पूर्ण नव्हते. पावाचे कण लागू नयेत म्हणून ती लोणी खरोखरच वेगळे ठेवी. फक्त या डब्यात लोणी नव्हते.

टेसा पश्चिमेकडच्या गुरांच्या वाडीवरून आलेली, दणदणीत आवाजाची मुलगी. डबा पाहून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"लोण्याला हात लावू नये? आमच्याकडे बैलसुद्धा एवढी मिजास करत नाहीत."

"मला जरा वेगळं लागतं," सिग्ने म्हणाली.

"ठीक आहे, राणीसाहेब. तुमच्या लोण्याकडं आम्ही बघणारसुद्धा नाही."

तेव्हापासून ते राणीसाहेबांचे लोणी झाले. टेसा थट्टा करी, पण आपली पावाची पिशवी माझ्या खालच्या कप्प्यात लांब ठेवी. जेवणाआधी सिग्ने डोळे मिटून लहानपणची प्रार्थना पुटपुटे, तेव्हा टेसाही चमचा खाली ठेवून थांबे. मला वाटे, हिला सांगून टाकावे. सिग्नेलाही वाटत असावे. एकदा तिने तोंड उघडलेही. मग म्हणाली, "बाहेर वारा सुटलाय."

फेब्रुवारीत ते वादळ आले. त्या आठवड्यात सिग्नेची बोटे फार आखडली होती आणि डॉक्टरांनी तिला सांध्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. सकाळी ती कोपराने माझे दार उघडून दूध प्यायली आणि ग्रंथालयात गेली. दुपारपर्यंत खिडकीबाहेरचे जग पुसले गेले. विद्यापीठाचा निरोप आला, जो जिथे आहे त्याने तिथेच थांबावे. सिग्ने ग्रंथालयातच अडकली. खोलीत टेसा एकटी होती.

आणि वीज गेली. माझे गुणगुणणे मधेच तुटले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की वीज गेली म्हणजे फ्रिज निरुपयोगी झाला. तसे नसते. माझे दार मिटलेले राहिले, तर आतले मी बराच काळ धरून ठेवू शकतो. आणि बाहेर जेव्हा थुंकीसुद्धा जमिनीवर पडण्याआधी गोठते, तेव्हा माझ्या जाड भिंती थंडीलाही अडवतात. त्या दिवशी बंद पडलेला मीच त्या औषधाला सर्वांत सुरक्षित जागा होतो. फक्त मला कुणी उघडायला नको होते.

टेसाने फोन कानाला लावला. "हो गं आई, गेलीय वीज... हो, काढतेच आहे बाहेर... मला शिकवतेस का? लहानपणापासून बघतेय ना तुला. दूध, चिकन, सगळं बर्फात."

आमच्या त्या मुलखात घरोघरी हेच करतात. वीज गेली, की फ्रिज रिकामा करून सगळे दाराबाहेरच्या बर्फात पुरतात. देवाने एवढा मोठा फ्रिज बाहेर ठेवला असताना वाया का घालवायचे? टेसाने खिडकी वर सरकवली. खाली देवडीचे सपाट छप्पर होते, त्यावर बर्फाचा ढीग. तिने दूध पुरले, चिकन पुरले, आपले चीज पुरले. मग परत येऊन माझ्यात डोकावली. मधल्या फळीवर तो डबा तेवढा उरला होता.

मी मनात म्हणालो, हात लावू नकोस. वर लिहिले आहे ना, हात लावू नकोस.

टेसाही थांबली. तिनेही ते वाचले. मग स्वतःशीच हसली. "राणीसाहेबांचं लोणी मागं राहिलं आणि खराब झालं, तर माझं मुंडकं उडवेल ती."

आणि तिने डबा उचलला. किती जपून उचलला! दोन्ही हातांनी. खिडकीबाहेर वाकून, बर्फात खळगा करून, तिने तो सर्वांत आत ठेवला आणि वरून बर्फ थापटला.

मी रिकामा, मुका, उघड्या दाराने बसून राहिलो. माझा नेम मोडला होता, आणि मोडणाऱ्या हातात प्रेमच होते.

अंधार पडण्याच्या सुमारास वीज आली. मी दचकून गुणगुणू लागलो. टेसाने सगळे आत आणले. दुधाची बाटली फुगून वाकडी झाली होती, चिकन दगड झाले होते. डबा तिने बरोबर त्याच जागी ठेवला. मला त्याचा स्पर्श झाला आणि कळले. आत पेने काचेसारखी कडक होती.

थोड्या वेळाने सिग्ने आली, टोपीवर आणि भुवयांवर बर्फ घेऊन. तिने आधी मला उघडले. डबा जागेवर पाहून तिने हातमोजा घातलेला हात त्यावर ठेवला आणि सुस्कारा सोडला.

"सगळं ठीक?" तिने विचारले.

"एकदम ठीक. तुझं काहीही वाया गेलं नाही, राणीसाहेब," टेसा म्हणाली आणि अंघोळीला गेली.

वीज किती वेळ नव्हती, तू फ्रिज उघडलास का, असे काहीतरी सिग्नेच्या ओठांवर आले होते. मी पाहिले. पण टेसाने उलट विचारले असते, लोण्याची एवढी चौकशी कशाला? म्हणून ती गप्प बसली. रात्रभरात माझ्या उबेत ती पेने पुन्हा पातळ झाली, पूर्वीसारखीच नितळ दिसू लागली, आणि तिला सावध करायला काहीच उरले नाही.

पिशवीतले पेन संपले, तेव्हा तिने डब्यातले घेतले. ती कोपराने दार लोटून न्हाणीघराकडे निघाली आणि मी माझ्या सर्व शक्तीनिशी घरघरलो. एवढा, की टेसा म्हणाली, "या फ्रिजला दमा झालाय बहुतेक."

साखर चढू लागली. दंडावरची चकती फोनला सांगे आणि फोन टिक टिक करी. सिग्ने तो उशीखाली दाबी.

"कोण एवढं मेसेज पाठवतंय? प्रेमात पडलीस की काय?" टेसा विचारी.

"आई आहे," सिग्ने म्हणे.

तिने विचार केला, गोळ्यांमुळे चढली असणार. सांध्यांच्या गोळ्या नेहमीच साखर भडकवतात. तिने इन्सुलिन वाढवून घेतले. साखर चढतच राहिली. मळमळू लागले, तेव्हा तिला वाटले, ग्रंथालयातल्या त्या टेबलावर पावाचे कण असतील. मग अंग मोडून आले, तेव्हा वाटले सांधे. तिन्ही आजारांवर तिने आळीपाळीने संशय घेतला. बिचारे तिघेही त्या दिवशी निरपराध होते. जिच्यावर तिचा सर्वांत जास्त विश्वास होता, तीच सुई निकामी होती, आणि हे फक्त मला ठाऊक होते.

आईचा फोन आला. "आवाज असा का तुझा?"

"सर्दी झालीय, आई. सगळं छान आहे."

"सिग्ने."

"छान आहे म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली नाही. ती पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या माझ्यातून काढत होती. प्रत्येक वेळी कोपर. मग कोपरही लागेना. ती जमिनीवर बसली आणि माझ्या दाराला पाठ टेकून तशीच राहिली. तिचा श्वास खोल आणि भरभर चालला होता. तो माझ्या पत्र्यातून मला ऐकू येत होता. तिच्या हातात फोन होता, आईचा नंबर समोर होता, आणि अंगठा त्यावर टेकत नव्हता. एक बोट खाली आले असते तर मदत आली असती आणि ट्रकही आला असता.

दुपारी टेसा परतली. दप्तर टाकून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"ए, काय झालंय तुला? चेहरा बघ, राखेसारखा झालाय."

"सर्दी."

"ही कुठली सर्दी? काही खाल्लंस का कालपासून? थांब. तुझी ती तांदळाची भाकरी गरम करते, वर लोणी लावते. तुझंच, घाबरू नकोस. परवा बर्फातनं काढलं तेव्हा दगड झालं होतं, आता मऊ झालं असेल."

सिग्नेने मान वर केली. "कुठून काढलं?"

"बर्फातनं. वीज गेली होती तेव्हा. सगळ्यात जपून तुझाच डबा पुरला होता मी, विचार त्या चिकनला."

सिग्नेला सारे कळले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तेवढ्यात टेसाने तिला जरा सरकवून माझ्यातून डबा काढला आणि उघडला.

तिने आतले एक पेन उचलून पाहिले.

"हे लोणी नाहीये," ती म्हणाली.

"इन्सुलिन आहे. होतं. गोठलं की मरतं ते." सिग्नेला धाप लागत होती. "तुझी चूक नाही, टेसा. मी सांगितलं नव्हतं."

"आणि तू दोन दिवस हे मेलेलं औषध टोचून घेतेयस?"

"मला वाटलं गोळ्यांमुळे..."

"अगं बये! सांगायचं ना! एवढं एक वाक्य सांगायचं होतं!" टेसा उठली आणि दार उघडून व्हरांड्यात धावली.

"नको, ओरडू नकोस! सगळ्यांना कळेल!"

"कळू दे! तुझं गुपित सांभाळू की तुला?" आणि तिचा तो वाडीवरचा, गुरांना हाक मारायचा आवाज साऱ्या मजल्यांवर गेला. "इन्सुलिन! कुणाकडं इन्सुलिन आहे का? ए, दारं उघडा!"

सिग्नेने डोळे मिटले. ज्या क्षणाला ती इतके महिने भीत आली होती, तो हाच होता. दारे उघडत होती, पावले वाजत होती. तिने पाठ माझ्यावर आणखी रेटली.

आणि मग वरच्या मजल्यावरचा बेनेट नावाचा एक उंचापुरा मुलगा दारात उभा राहिला. हॉकीच्या संघातला. त्याच्या हातात एक लोकरी पायमोजा होता. त्याने त्यातून इन्सुलिनचे पेन काढले.

"हेच घेतेस का तू?" त्याने खालच्या आवाजात विचारले. "माझं पण... संघात कुणाला माहीत नाही."

"आता सगळ्या बिल्डिंगला माहीत झालं," टेसा म्हणाली. "दोघांचं एकदमच उरकलं."

बेनेट हसला. सिग्नेही, अगदी किंचित.

टेसाने विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला. नर्सने शांतपणे सगळे विचारले, पेन तेच आहे ना ते वाचून घेतले, किती घ्यायचे ते सांगितले, पाणी पीत राहा म्हणाली. मग म्हणाली, "उलटी झाली किंवा साखरेचा आकडा खाली यायला लागला नाही, तर अँब्युलन्स बोलवायची. रस्ते बंद असोत नाहीतर काही. तिला विचारत बसायचं नाही. समजलं?"

"समजलं," टेसा म्हणाली. तिने सिग्नेचा फोन तिच्या हातातून घेऊन माझ्या डोक्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

मग आम्ही वाट पाहिली. बेनेट दाराशी बसला होता. टेसा आपले ओठ चावत होती. सिग्नेने तिची ती लहानपणची प्रार्थना सुरू केली, शब्द मधेच विसरली, आणि रोज चमचा खाली ठेवून ती ऐकत आलेल्या टेसाने पुढचे शब्द म्हटले. मी खाली गुणगुणत होतो. आकडा हलेना. हलेना. मग वर जायचा थांबला. आणि खूप वेळाने, एकदाचा, उतरू लागला.

खोलीत कुणी ओरडले नाही. टेसा नुसती तोंड झाकून रडली.

इस्पितळात जावे लागले नव्हते. आईला न सांगता हे सारे जिरले असते. तरी सिग्नेने फोन उचलला आणि आईला सगळे सांगितले. डबा, बर्फ, दोन दिवस, सर्दी नव्हती हेही.

पलीकडे ट्रकच्या किल्ल्या वाजल्या. मग लोइसबाई म्हणाल्या, "रस्ता उघडला की निघते." आणि फोन ठेवला.

रस्ता उघडला. बर्फ सारणारी गाडी गेली आणि तिच्यामागून ट्रक आला. लोइसबाई खोलीत शिरल्या, लेकीला छातीशी धरले आणि तिच्या खांद्यावरूनच म्हणाल्या, "सामान बांध."

सिग्नेने वाद घातला नाही. कबूल केले होते. ती कपाटाकडे वळली. टेसा पुढे आली.

"मॅडम, डबा बर्फात मी ठेवला. शिक्षा करायची तर मला करा."

लोइसबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या हातात घरून आणलेला खोल भांड्यातला पदार्थ होता, बटाट्याचा आणि मांसाचा, गव्हाशिवाय केलेला. "आधी हे ठेवू दे," असे म्हणून त्यांनी मला उघडले.

दारावर टेसाच्या मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'वीज गेली तर उघडू नये. काहीही बाहेर काढू नये. आधी सिग्नेला विचारा.' आत मधल्या फळीवर काचेच्या डब्यात दवाखान्यातून आणलेली नवी पेने होती, कुणालाही दिसतील अशी. शेजारी बेनेटची, त्याच्या नावाची. पेने माझ्या पाठीला लागू नयेत म्हणून मागे लोकरी पायमोजा दुमडून ठेवलेला होता. पावाची पिशवी माझ्यातून निघून खिडकीत गेली होती. आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. लोइसबाईंनी एक उचलली. तिचे झाकण त्यांच्या हातात आले.

"ही उघडीच आहे."

"सगळ्याच सैल करून ठेवते मी सकाळी," टेसा म्हणाली. "तिची बोटं ज्या दिवशी कोपरानं दार उघडतात ना... म्हणजे, ती कोपरानं... तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचंय."

लोइसबाईंना कळले. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, पहिल्या दिवशी फुटपाथवर बसल्या होत्या तशाच. त्यांनी पिशवीतून रविवारचा कागद काढला, माझ्या दारात धरला, दार लावले. मी आता म्हातारा झालो होतो. माझे रबर कडक झाले होते. तरी मी तो धरला. त्यांनी एकदा ओढला, पुन्हा ओढला.

"आई, मी हे खोके घेऊ का?" मागून सिग्नेने विचारले. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"खाली ठेव ते." लोइसबाईंनी कागद माझ्या दारातच राहू दिला आणि उठल्या. "भांडं परत पाठव संपलं की. आणि सर्दी झाली तर मला सर्दी झाली म्हणून सांगू नकोस."

मग त्या टेसाकडे वळल्या. "वीज गेली की आम्हीही सगळं बर्फातच ठेवतो, पोरी. तुला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

ट्रक रिकामा गेला.

मित्रांनो, आज सिग्नेचे शेवटचे वर्ष आहे. तिचे आजार गेलेले नाहीत, ते जाणारे नाहीत. मधे एकदा इस्पितळही झाले, आणि त्या वेळी तिच्या उशाशी टेसा होती. वसंतात नदी चढू लागली, की ती किनाऱ्यावर उभी राहून पाणी मोजते आणि तिची पाण्याची बाटली बेनेटच्या खिशात असते. मला मात्र आता भीती वाटते. मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ गुणगुणतो आणि मला धाप लागते. एखाद्या दिवशी माझा नेम माझ्याच हातून सुटेल. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या फ्रिजच्या दारात कधीतरी कागद धरून पाहा, त्याचे रबर पुसा, त्याच्या पाठीवर बर्फ साठू देऊ नका. आणि तुमच्या शेजारी कुणी आपले दुखणे झाकून बसले असेल, तर त्याच्या डब्याची थट्टा करा हवी तर, पण बसून एकदा विचारा, आत काय आहे. आणि तो डबा तुमचाच असेल, तर सांगा. ज्याला ठाऊक नाही, त्याने कितीही जपून धरले तरी उपयोग होत नाही.

आता थांबतो. दाराशी पावले वाजताहेत. बोटे येतात की कोपर, ते पाहायचे आहे.